हिनिदने धुतलेले परके पाय

हिनिदची लोकर अर्धीच विंचरून झाली होती, तेवढ्यात दारात एक सॅक्सन येऊन उभा राहिला. आदल्या दिवशी हाफ्रेन नदीकाठच्या लढाईत आपल्या पोविस राज्याने सॅक्सनांच्या मर्सिया राज्याची फौज पळवून लावली होती. त्यातलाच हा मागे राहिलेला. हातात शस्त्र नाही, पायांत एकच जोडा. हिनिदचा नवरा गुरं घेऊन डोंगरावर गेलेला. मी शेजारीण तिच्याकडे सूत कातत बसले होते. बाप्तिस्मा न झालेला माणूस बघून मी क्रूसाची खूण केली.

दुसरी कोणी किंचाळली असती. पण हिनिदला लहानपणापासून सगळं जाणून घ्यायची खोड. भर प्रार्थनेत ती पाद्रीबाबांना विचारायची, मधमाश्या रविवार पाळतात का म्हणून. तिने सॅक्सनला नीट न्याहाळलं. "अगं, यांच्याही भुवया आपल्यासारख्याच की!" मग रीतीप्रमाणे तिने पाण्याचं तसराळं त्याच्यापुढे ठेवलं. ज्याने पाय धुऊ दिले तो रात्रीचा पाहुणा. मग त्याच्या केसालाही कोणी धक्का लावत नाही.

त्या बापड्याला काय ठाऊक! त्याने तसराळं उचललं आणि घटाघटा प्यायला.

तेवढ्यात तिचा दीर इदवाल भाला घेऊन आला.

"वहिनी, बाजूला हो."

"भावजी, पाहुणा आहे तो."

"पाय धुतलेस?"

"पाणी दिलं."

"ते तो प्यायला, मी पाहिलंय. गाईलाही पाणी पाजतो आपण. ती काय पाहुणी?"

मी देवाचा धावा करत होते. हिनिद मात्र कोडं पडल्यासारखी कपाळाला आठ्या घालून बसली. तळाशी दोन घोट उरले होते. तिने झटकन त्याचा अनवाणी पाय ओढला आणि तेवढ्या पाण्यात चोळू लागली. तो घाबरून पाय मागे घेई.

"अरे बैला, नीट बस! तुझाच जीव वाचवतेय!"

"आणि दुसरा?" इदवाल म्हणाला.

पाणी संपलं होतं. हिनिदने त्याचा जोडा उपसून काढला आणि दिराकडे पाहिलं. "थुंकी चालेल का हो?"

इदवालला हसू आवरेना. त्याने भाला दाराबाहेर भिंतीला टेकवला. "राहू दे. सकाळी मीच नदीपार सोडतो. एकटा गेला तर गाव मारेल त्याला."

आता पाहुण्याला जेवू घालायचं, तर घरात दूध नव्हतं. हिनिद शेळीची धार काढायला परसात गेली.