पंचनाम्याआधीची बाग

गावात तिला सगळे टापटीपकाकू म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं. अंगणात पडणारं पान जमिनीला टेकायच्या आत उचलणारी बाई, असं शेजारी हसत सांगत. संत्र्यांची बागही तिने तशीच लख्ख ठेवली होती. आळ्यात गवताची काडी दिसली तरी तिचा पारा चढे आणि सुनेला कामं आठवत.

हीच टापटीप गेल्या वर्षी तिच्या अंगाशी आली. गारपीट थांबली आणि काकू कंबर कसून बागेत शिरली. पडलेली फळं खड्ड्यात पुरली, मोडक्या फांद्या छाटल्या, सगळं झाडून घेतलं. पंचनाम्याला साहेब आले ते बऱ्याच दिवसांनी. बागेत फिरून त्यांनी विचारलं, "काकू, नुकसान कुठाय?"

ती खड्ड्याकडे बोट दाखवत राहिली. साहेब भला माणूस, पण डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहायचं असा त्यांना वरून हुकूम. शेजारचे भावजी एरवी आळसाचे पुतळे, त्यांच्या बागेत फळांचा चिखल जसाच्या तसा पडलेला. त्यांना सरकारी मदत मिळाली. काकूच्या वाट्याला साहेबांचा नमस्कार आला.

यंदा वादळाने त्याहून वाईट झोडपलं. सुनेने आधीच बजावलं, "आई, साहेब येईपर्यंत एका पानाला हात लावायचा नाही. मदत मिळाली तरच नवी कलमं घेता येतील."

काकू पायरीवर बसून राहिली. बाग कुजत होती, वास घरात येत होता, आणि तिच्या हातांना काय करावं ते कळत नव्हतं. स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखं बसायला लावणाऱ्या त्या मदतीचा तिला मनापासून राग आला.

विहिरीजवळचं जुनं झाड बेचक्यातून उभं चिरलं होतं. बागेतली निम्मी कलमं त्याच्याच फांद्यांवरचे डोळे घेऊन बांधलेली. पानं अजून हिरवी होती. आता आवळून बांधलं तर जीव धरेल, वाळलं की सरपण. पण उभं झाड नुकसानीत धरत नाहीत.

ती उठलीच. जुनी चादर टराटरा फाडली, सुतळी घेतली.

"आई, अहो काय करताय!"

"हे एकच गं. बाकी सगळं राहू दे पडलेलं."

सुनेने कपाळावर हात मारला. मग पदर खोचून तिनेच लोंबणारी फांदी खांद्यावर तोलून धरली.

काही दिवसांनी साहेब आले आणि चिखल तुडवत एकेक झाड लिहून घेत विहिरीपाशी पोचले. झाडाला बांधलेल्या चादरीच्या पट्ट्या पाहून थांबले. गेल्या वर्षीचं त्यांच्याही मनात असावं.

"काकू, हे मोठं झाड आहे. पट्ट्या जरा सोडा, चीर दिसू द्या. फोटो काढतो, हेही धरू."

सुनेने सासूकडे पाहिलं. काकूने चादरीच्या गाठीवर हात ठेवला. जखम नुकती कुठे मिटत होती.

"हे नका धरू, साहेब. हे जगतंय."

साहेबांनी मान डोलावली आणि ते पुढच्या झाडाकडे वळले. शेवटचं झाड लिहून झालं, तशी काकू त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. केव्हापासून पाठीमागे धरलेला खराटा तिने पुढे आणला.

"झालं ना तुमचं सगळं बघून? मग आता झाडू का?"