हरवलेल्या प्रकाशाची वही

मनोहर गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याच नव्या गणितात चूक शोधत बसलो होतो. सापडत नव्हती, म्हणून चिडलोही होतो. अहेरीहून त्याची बायको सुनंदा बोलत होती. "भाऊजी, चंद्रपूरले दवाखान्यात नेत होतो, पर वाटेतच..." याला आता दीड महिना झाला. मधल्या काळात तीन शोकसभांत मी त्याच्यावर बोललो आणि तिन्ही ठिकाणी एक गोष्ट गिळली. ती सांगायची नसेल तर हा लेख लिहायचा मला हक्क नाही.

आम्ही अहेरीच्या शाळेपासूनचे सोबती, पुढे पुण्यात एकाच प्रयोगशाळेत लागलो. प्रकाशाच्या एकेका कणाकडून, म्हणजे फोटॉनकडून, गणितं करून घेणारा क्वांटम संगणक हा आमचा विषय. त्याचं मोठं दुखणं म्हणजे कण वाटेत हरवतात. ते हरवूच नयेत म्हणून आम्ही आरसे पुसत, जोडण्या बदलत डोकं फोडून घेत होतो. मनोहर भामरागडकडच्या मासेमार घरातला. एकदा चहा पिता पिता म्हणाला, "हरवते म्हणून काऊन रडतं गा? माहा बाप जाळं काढलं का आधी मासे नाई पाहत, जाळं पाह्यते. कुठी फाटलं ते समजलं का शिवता येते. नाई समजलं तर मंग सारंच गेलं." त्यावरून त्याने सहा महिने खपून गणित मांडलं. नेमका कोणता कण हरवला हे कळलं, तर उरलेल्यांच्या आधाराने उत्तर वाचवता येतं. आमचं सारं नाव या कल्पनेवर उभं आहे.

तेव्हापासून त्याने एक वही ठेवली. एका रकान्यात काय गेलं, दुसऱ्यात कसं गेलं. आम्ही टर उडवायचो. त्याची छत्री हरवली तेव्हा मीच ओरडलो, "मन्या, वहीत लिही!" आणि त्या पठ्ठ्याने खरंच लिहिलं.

या कल्पनेवरचा पहिला पेपर तयार झाला तेव्हा वडील आजारी म्हणून तो गावी होता. पर्लकोटा नदीला पूर आला, भामरागडचा रस्ता तुटला. पेपर पाठवायला लेखक म्हणून दोघांचीही संमती लागत होती. परदेशातला एक गट त्याच वाटेवर होता आणि मला घाई झाली होती. मी त्याचं नाव लेखकांतून काढून शेवटी आभारात टाकलं. परतल्यावर छापलेला पेपर त्याने दोनदा वाचला.

"माहं नाव खाली गेलं वाट्टे?"

"फोन लागला नाही रे. दोन दिवस लावत होतो."

"असंन गा. पुरात रेंजचं काई खरं नसते. गणित बरोबर छापलं ना? मंग झालं." आणि त्याने माझ्यासाठी चहा सांगितला.

पुढे तो अहेरीच्या कॉलेजात शिकवायला गेला. तिथून आमचं काम चालूच राहिलं. जपान-ऑस्ट्रियाचे संशोधक अडले की थेट त्याला गाठत. नंतरच्या प्रत्येक पेपरवर आम्हा दोघांची नावं आहेत. पण जग ओळखतं तो पहिला पेपर, एकट्या माझ्या नावाचा. त्याच्या जोरावर मी व्याख्यानं दिली, हार घालून घेतले. पेपर छापणाऱ्या नियतकालिकाला दुरुस्तीचं पत्र लिहायला किती वेळा बसलो... लाज वाटायची म्हणून लांबवलं, आणि लांबवल्याची आणखी लाज वाटत गेली.

गेल्या आठवड्यात अहेरीला गेलो. सुनंदाने ती वही माझ्या हातात ठेवली. "तुमच्याच कामाची हाये. त्या पुराच्या साली सासऱ्याले जेवू घालून रोज टेकडीवर जाऊन बसत. तिथी रेंज येत होती. पेपरचा फोन येईन म्हणत."

मी पानं उलटत त्या पुराच्या वर्षापर्यंत आलो. काय गेलं, या रकान्यात त्याच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: पहिल्या पेपरवरचं नाव. कसं गेलं, यात: फोन लागला नाही.

दुरुस्तीचं पत्र मी परवा धाडलं. वही माझ्या टेबलावर आहे. आयुष्यभर काटेकोर नोंदी ठेवणाऱ्या माणसाच्या वहीत ही एकच नोंद चुकीची आहे, आणि ती माझ्यावर विश्वास ठेवून केलेली आहे. मनोहर, फोन लागला नाही असं झालंच नव्हतं. मी तो लावलाच नव्हता.