डाव्या डोळ्याची बाटली

डिचोलीच्या दवाखान्यातले हे तरुण दोतोर बोलताना माणसाच्या तोंडाकडे पाहत नसत, थेट बुबुळात पाहत. रोगी तपासता तपासता ते संशोधनही शिकत होते. खाणीच्या धुळीने माझे दोन्ही डोळे सारखेच अधू झालेले. त्यांनी एकेका डोळ्यासाठी एकेक, अशा दोन बाटल्या दिल्या. एकीत नवं औषध, दुसरीत साधे थेंब.

"कुठल्या डोळ्यात काय, दोतोर?"

"ते पणजी शहरातल्या माझ्या सरांनी पाकिटात बंद करून दिलंय. मला कळलं तर माझेच डोळे मला फसवतील, काका."

मी कबूल झालो. रोज सकाळी एकेक डोळा झाकून शेजारच्या कौलारू छपराचे नळे मोजू लागलो. पहिल्या दिवशी दोन्हींना चाळीस दिसले. महिन्याने मी सांगितलं, "उजव्याला अजून चाळीसच. डाव्याला एकवीस."

"म्हणजे फरक पडला!" ते हसून वहीत लिहू लागले. मग प्रथमच त्यांनी माझा चेहरा पाहिला. पेन थांबलं. वर्षाच्या कामावर पाणी सोडून त्यांनी पाकीट फाडलं.

"काका, डाव्यात औषध होतं."

ते दार उघडून बाहेर धावले. बाकावर तशाच दोन-दोन बाटल्या घेतलेले त्यांचे आणखी आठ रोगी बसले होते. माझं ऐकून तेही शिकले होते. एकेक डोळा झाकून, ओठ हलवत, समोरच्या छपराचे नळे मोजत होते.