आबांच्या जागी ठेवलेला प्रथिनाचा दिवा

आबा गेले त्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडून अर्धा तास मागून घेतला होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणी मला बिचारा म्हणायला नको.

मे महिना होता. मी नेकनूरला घरी आलो होतो तो एक दिवा घेऊन. देवापुढचा नव्हे, पीएचडीचा. घरोघरी जो पांढरा एलईडी लागतो, त्याच्या आत खरं तर निळा उजेड असतो. वरच्या लेपामुळं तो पांढरा दिसतो. त्या लेपाला लागणारी खनिजं जमीन खणून आणि तेजाबात धुऊन काढावी लागतात. आम्ही त्या जागी प्रथिन वापरत होतो. समुद्रातल्या एका जेलीफिशच्या अंगात चमकणारं प्रथिन असतं, त्याच्याच जातीतलं. ते आम्ही जिवाणूंकडून करून घ्यायचो, जेलीत मिसळायचो आणि त्याची बोराएवढी टोपी करून निळ्या एलईडीवर बसवायचो. उजेड पिवळसर, मऊ पडायचा आणि वीज अगदी थोडी लागायची. भानगड एकच होती, प्रथिनाला गरमी सोसत नाही. तापलं की त्याचा रंग उडतो आणि खालचा निळा उघडा पडतो. आमची एकही टोपी सहाव्या दिवसापुढं गेली नव्हती.

त्यात माझे पीएचडीचे सर म्हणाले, “एसीत कुठलाही दिवा टिकतो हो. तुमच्या गावाकडच्या उन्हात दहा दिवस टिकवून दाखवा आणि मग लिहायला बसा. आणि रीडिंगची वेळ चुकवायची नाही.” म्हणून दोन नव्या टोप्या घेऊन मी गावी आलो. एक दिव्यावर बसवली, दुसरी डबीत घालून फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी ठेवली. दिव्यासमोर ठरावीक अंतरावर उजेड मोजायचं यंत्र लावलं. सकाळी नऊ आणि संध्याकाळी नऊ, दोन रीडिंगं.

आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जन्म विजेच्या खांबावर गेलेला. लाईनमन होते. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि बॅटरीकडं बोट दाखवून म्हणाले, “एवढ्याशा करंटावर एवढा उजेड? आन् लाईट गेली तरी चालू? आमच्या टायमाला निघाला आसता तर लोकांच्या निम्म्या शिव्या वाचल्या आसत्या की.” मायला वेगळीच काळजी.

“मासा हाय का त्याच्यात? मंग देवाकडं नेऊ नको बाबा.”

“मासा न्हाई गं माय. दुधाला विरजण लावतीस ना, तसं जिवाणू लावायचं आन् वाट बघायची.”

“मंग दहीच लावायचं की. त्याला एवढं शिकायला कशाला पायजे?” आबा खो खो हसले. मीही हसलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी आबा माझ्या खोलीच्या दारात आले आणि चौकटीला धरून म्हणाले, “छातीत भरल्यावानी होतंय रे. बीडला दवाखान्यात जाऊन यायचं का?” घड्याळात साडेआठ वाजले होते. मी म्हटलं, “आबा, अर्धा तास थांबता का? नऊचं रीडिंग घेतो आन् निघू.” ते म्हणाले, “घे की, काय घाई न्हाई,” आणि ओट्यावर जाऊन बसले. मी रीडिंग घेतलं. वहीत नीट अक्षरात लिहिलं. मग शेजाऱ्याची गाडी सांगितली. वाटेत मांजरसुंब्याच्या चौकात ट्रकांच्या गर्दीत गाडी अडकली, तेव्हा आबांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मला वाटलं, झोप लागली. ड्रायव्हरनं आरशात बघितलं आणि हॉर्न वाजवायचं थांबवलं.

मी रडलो नाही. लोक म्हणाले, पोरगं लई खंबीर हाय. खंबीर कसलं डोंबलाचं! दाढेला सुई दिल्यावर गाल असतो ना आपलाच, पण चिमटा काढला तरी कळत नाही, तसा मी होतो. चितेला अग्नी दिला तेव्हासुद्धा, आज संध्याकाळचं रीडिंग कोण घेणार, हाच विचार डोक्यात आला. एवढा नालायक विचार येऊनही मला स्वतःची लाज वाटली नाही.

स्मशानातून परत आलो तर टेबलावर दिवा नव्हता.

आमच्याकडं माणूस गेलं की त्याला जिथं ठेवलं होतं तिथं दिवा लावतात. खाली ताटात पीठ पसरतात, वर टोपली पालथी घालतात आणि दहावं होईपर्यंत दिवा विझू देत नाहीत. आत्या, म्हणजे आबांची थोरली बहीण, तिनं तेलाचा दिवा लावला होता. पण कूलरच्या वाऱ्यानं तो दोनदा गेला, तिसऱ्यांदा कुणाचा तरी पदर लागून गेला. तेव्हा आत्या माझ्या खोलीत गेली, यंत्र बाजूला सारलं, वायर उपटली आणि माझा दिवा बॅटरीसकट आणून पिठावर ठेवला. वर बांबूची टोपली पालथी घातली.

“लाईट गेली तरी इझत न्हाई म्हनं, तुझ्या आबानंच सांगितलं मला फोनवर. आन् उजेड बी समईवानी पिवळा हाय. कावून रे, चुकलं का माझं?”

चुकलं म्हणजे! प्रयोग साफ बोंबलला होता. अंतर मोडलं होतं, दोन महिन्यांची मेहनत पिठात बसली होती. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी मी म्हटलं, “न्हाई आत्या, बरं केलं.” मला रागसुद्धा आला नाही.

मग माय भिंतीला टेकून बसली होती ती म्हणाली, “दहाव्यापत्तूर इझू देऊ नको बाबा. अंधाराचं त्यांला वाट दिसायची न्हाई.”

“न्हाई इझत, माय. दहा दिवस चालतो त्यो.”

इतकं सरळ खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो. त्या टोपीचे दोन दिवस आधीच सरले होते. त्यात वर टोपली, म्हणजे आत भट्टी. मी आत्याला म्हटलं, टोपली काढू, गरम होतं. ती कडाडली, “टोपली काढीत नसतेत! एवढं शिकलास, एवढं बी ठावं न्हाई?” शेवटी मी टोपलीखाली दोन विटा सारल्या, हवा खेळायला. तेवढ्यावर तह झाला.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. माणसं यायची, गळ्यात पडायची. मी पाणी द्यायचो, सतरंजी झटकायचो, बॅटरी चार्जिंगला लावायचो. सकाळी उठलं की माय विचारायची, “कालच्यावानीच हाय ना उजेड?” आणि मी म्हणायचो, “हाय.” गंमत म्हणजे तो खरंच होता. सहावा दिवस गेला, सातवा गेला. आबा जाऊन आठ दिवस झाले, तेव्हा दिव्याचे दहा भरले. सरांनी मागितलेले दहा दिवस टोपलीखाली, पिठावर, मेच्या उकाड्यात पार पडले होते. समोर यंत्र नव्हतं आणि वहीत शेवटचा आकडा त्याच सकाळच्या नऊचा होता. आनंद व्हायला हवा होता. काही म्हणजे काही झालं नाही.

सरांचा फोन आला तेव्हा मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “दुसरी टोपी आहे ना? त्याच घाण्यातली आहे. तीही टिकेल. सावकाश या, पण ती सांभाळा. पुन्हा तशी जमेल याची खात्री नाही.”

नवव्या दिवशी दुपारी आत्या ओरडली, “अगं बया, हे तर निळं पडलं!”

रंग गेला होता. टोपलीच्या फटींतून निळा उजेड पिठावर सांडला होता आणि ते पीठ बघवत नव्हतं. आत्या पदर तोंडाला लावून म्हणाली, “अंग निळं पडल्यावानी दिसतंय गं. काय तरी राहिलंय त्याचं, काय तरी मनात राहिलंय.” माय उठून स्वयंपाकघरात गेली.

मी तिच्यामागं गेलो. फ्रिज उघडला, डबी काढली.

“माय, दिवा इझला न्हाई, निस्ता रंग उडालाय. ही दुसरी टोपी बसवतो, पुन्हा पिवळा होईल. उद्यापत्तूर नक्की चालंल.” आणि तेवढ्यावर थांबायचं सोडून मी बोलत राहिलो. “आत्या म्हनती ते खरं हाय. आबा मला त्या दिशी सकाळी म्हनले होते, छातीत भरलंय. मी म्हनलं, अर्धा तास थांबा. ह्याच्यासाठी.”

मायनं माझ्याकडं बघितलं नाही. ओट्यावर सांडलेलं पाणी ती हातानं निपटत होती.

“ठावं हाय मला. त्यांला आदल्या सांजंपासूनच दुखत होतं. मी म्हनलं, पोराला सांगते. तर मलाच दटावलं. म्हनले, त्याचा दिवा चालू हाय, त्याला हलवू नको. दहा दिसाचं काम मोडंल त्याचं. मी बी ऐकलं. रातभर पाठ चोळीत बसले, पर तुला उठवलं न्हाई.”

कूलरचा आवाज येत होता. मी डबीचं झाकण उघडून उभा होतो.

तिनं माझ्या हातातून डबी घेतली, झाकण दाबून लावलं आणि परत माझ्या हातात दिली.

“ही लावायची न्हाई. ह्याच्यापायी रातभर कळ काढली त्यांनी. तुझ्या सरांला नेऊन दे. दिवा निळा तर निळा, जळतोय न्हवं!”

मी डबी फ्रिजमध्ये ठेवली आणि फ्रिजच्या दाराला धरून, आत्या धावत येईपर्यंत, मोठ्यानं रडलो.