कॅप्टनचा कोट

आमच्या इथे, सौदीतल्या हफ्र अल बातिनमध्ये, लष्करी गणवेश शिवणारे कादिरभाई माणसाला तोंडावरून ओळखत नाहीत, कपड्यावरून ओळखतात. मी त्यांच्या दुकानाच्या वरच राहते, सरकारी दवाखान्यात नर्स आहे. पण नर्सचा ड्रेस अंगावर नसला की त्यांना मी परकी. माझा नवरा रमेश एकदा नवा कुडता घालून दुकानात गेला, तर त्यालाच त्यांनी विचारलं, "आपण कुठले?" वर कुडत्याच्या कॉलरचं तोंडभरून कौतुक केलं!

दुकानात एक जुना काळापांढरा जर्मन सिनेमा सतत चालू असतो. कुठल्याशा जाडजूड कादंबरीवरचा, सगळा लष्करातला. देश सोडताना कुणी इंजिनिअर तो मागे ठेवून गेला होता. कादिरभाईंना जर्मन ओ की ठो कळत नाही. ते बघतात ते गणवेश, आणि तेही मशीन थांबलं की. गोष्ट त्यांची त्यांनीच लावून घेतली आहे. एक भला कॅप्टन असतो, दुष्ट कर्नल त्याला रजा देत नाही, पण शेवटी तो बर्फातून चालत बायकोकडे घरी पोचतो.

त्यांची स्वतःची बायको, बदरुन्निसाभाभी, हर्णैला. "कधी येताव?" असं तिने फोनवर विचारलं की ह्यांचं उत्तर ठरलेलं. "तो कॅप्टन आला का नाय घरी? तसाच येन." त्यांचा कफील, म्हणजे इथला मालक, बिचारा दर वर्षी "यल्ला, जाऊन ये" म्हणायचा. पण दर वर्षी ह्यांना कुठलीतरी मोठी ऑर्डर आडवी यायची. मग स्वतःऐवजी हे स्वतः शिवलेल्या कपड्यांचा खोका पाठवायचे. मला तर त्या खोक्याचाच राग यायचा.

यंदा भाभीच व्हिजिट व्हिसावर आली आणि आल्या आल्या म्हणाली, "मना तो कॅप्टन बघायचाय. तो घरी पोचला असल तं ह्यांना घेऊनच जाईन."

मी अतिशहाणी. खाली इंग्रजी अक्षरं येणारी प्रत मिळवली, दोघांना जेवायला बोलावलं, आणि ते यायच्या आधी दुपारी एकटीने सहज बघून घ्यावं म्हणून लावला सिनेमा. माझ्या हातातला चहा गार झाला. कॅप्टन मध्यावरच पुलापाशी मरतो! त्याचा कोट चढवून त्याच्या बायकोला निरोप सांगायला जातो तो त्याचा लठ्ठ स्वयंपाकी. आमचे कादिरभाई इतकी वर्षं नुसता कोट बघत होते.

आता काय करायचं? मी रिमोट तांदळाच्या डब्यात लपवला. रात्री दोघं आल्यावर खीर वाढायला मुद्दाम वेळ लावला. भाभीला मेट्रोचे फोटो दाखवले. रियाधचे, जिथे मी अजून गेलेलीही नाही. पण रमेश म्हणजे सरळमार्गी माणूस. त्याने उठून टीव्हीचं बटणच दाबलं.

कॅप्टन पडला. भाभीने पदर तोंडाला लावला. कादिरभाई मात्र खुशीत होते. "थांब गो! आता उठंल." बर्फातून कोट आला, दार उघडलं, कॅप्टनची बायको धावत बाहेर आली. कादिरभाईंनी मांडीवर थाप मारली. "बघ! आला का नाय घरी?"

"अवो, हा दुसराच हाय."

"दुसरा कसा? कोट तोच हाय. कॉलर बघ."

"कोट तोच. आतला माणूस कुठं हाय?" भाभीचा आवाज चिरकला. "कोट घरी आला म्हणून त्या बाईचं काय भलं झालं? माझ्याकडं पण दर साल कपडंच येतात."

मला तर उठून तिला मिठी मारावीशी वाटली. कादिरभाई वळले. पहिल्यांदा त्यांची नजर तिच्या बाहीवर, गळ्यावर, कुठल्याच शिवणीवर गेली नाही. ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले, खूप वेळ.

"बदरू," ते हळूच म्हणाले, "तुला चष्मा कवा लागला?"

"लय वर्षं झाली," भाभी डोळे पुसत म्हणाली. "त्याला शिलाई नाय, म्हणून तुमाला दिसला नाय."