पत्रकांची उशी

तटस्थ माणसांची मला चीड आहे, आणि वाटूरच्या शिवारातला तो राखणदार म्हणजे तटस्थांचा मेरुमणी. ज्वारीतली त्याची खोप हा पौषातल्या वाटसरूंचा निवारा. तिथे कुणालाही जागा मिळे, मला आणि मला पकडायला फिरणाऱ्या पोलिसालाही. "नाव सांगू नका, माझ्या पोटात ऱ्हात न्हाई," एवढंच तो म्हणे. नियम एकच: सकाळी निघताना पुढच्या माणसाच्या शेकोटीसाठी तुराट्यांचा भारा आणून ठेवायचा.

"जुलमी राज्याच्या नोकरांना कशाला शेकू देता?" मी एकदा त्याला सुनावलं.

"थंडी त्यांलाबी वाजती, मालक." बोलताना तो नेहमी विस्तवाकडे बघे, माणसाकडे नाही.

तेवढ्यात एक पोलीस जवान कुडकुडत आत शिरला. बंदी असलेल्या पत्रकांचं माझं गाठोडं तिथेच पडलं होतं. राखणदारानं ते उचललं, रिकाम्या पोत्यात कोंबलं आणि जवानापुढे ठेवलं.

"घ्या जमादार, उशाला. भुसा हाय."

आमच्या साऱ्या संतापावर डोकं टेकून जवान घोरू लागला. माझा डोळा लागला नाही. उजाडल्यावर "बहुत अच्छी नींद आयी, चाचा," म्हणत तो निघून गेला.

पोतं परत देताना राखणदारानं पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "जमादार भारा ठिवून गेले. तुमचा कुठंय?"

त्याचा राग मला अजूनही येतो. पण त्या सकाळी भारा मी जवानापेक्षा मोठा बांधला.