आमच्या शाळेची तपासणी

मी नर्सिंग शिकायला गेले तेव्हा आमची शाळा मुंबईच्या लेखी शाळाच नव्हती. नवापूरच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी दवाखाना होता. त्याच्या मागच्या दोन खोल्यांत मेट्रनबाई आम्हा पाच मुलींना शिकवायच्या. सकाळी वॉर्डातलं काम, दुपारी वर्ग, संध्याकाळी पुन्हा वॉर्ड. सगळं रीतसर चाललं होतं, फक्त मुंबईच्या नर्सिंग मंडळाची मान्यता नव्हती. मान्यता नाही म्हणजे परीक्षा नाही, परीक्षा नाही म्हणजे सरकारी नोंदणी नाही, आणि नोंदणी नसलेल्या नर्सला बाहेर कोणी विचारत नव्हतं.

मेट्रनबाईंनी हे आमच्यापासून लपवलं नव्हतं. "तुम्ही शिकत राहा, मान्यता मागून येईल," असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. बाई नगरकडच्या, उंच, काटक आणि बोलायला फटकळ. त्यांच्या तोंडून आलेलं वाक्य खोटं ठरेल अशी शंका घ्यायची आमची छाती नव्हती.

माझ्यापेक्षा माझ्या वडिलांना या मान्यतेची जास्त घाई होती. आमचं घर रनाळ्याच्या शिवारात. मराठी सातवी झालेली मुलगी लग्न करून देण्याऐवजी दवाखान्यात धाडली म्हणून भाऊबंदांनी आबांना फार छळलं. कोणी म्हणालं पोरगी बाटणार, कोणी म्हणालं तिथे भांडी घासायला लावतात. आबा कमी बोलणारा माणूस. पण त्या दिवशी पारावर ते सगळ्यांसमोर म्हणाले, "तीन वरीसमा मन्ही पोर सरकारी छाप लिसन येई. मंग देखा." त्या एका वाक्यावर त्यांनी आलेली स्थळं परतवून लावली. तेव्हापासून ती छाप माझ्या डोक्यावर बसली. छाप मिळाली नाही तर आबांना पारावर तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

मान्यतेसाठी काय काय लागतं त्याची बाईंना पुरेपूर माहिती होती. खाटा भरलेल्या हव्यात, बाळंतपणं पुरेशी हवीत, मुलींना राहायला वेगळी जागा हवी, शिकवायला सांगाडा, चित्रं, पुतळे हवेत. महायुद्ध चालू होतं, मुंबईहून साधा कापूस वेळेवर यायचा नाही, तिथे सांगाडा कुठून येणार! मग बाईंनी प्रकाशा गावच्या कुंभाराकडून मातीचा कटिबंध, म्हणजे बाळ ज्यातून बाहेर येतं तो कमरेच्या हाडांचा सापळा, भाजून घेतला. पहिला जत्रेतल्या कुंडीसारखा आला, दुसरा गाडीत फुटला, तिसरा मात्र असा जमला की दवाखान्याचे डॉक्टरसुद्धा हातात घेऊन फिरवून बघत राहिले. बाळ आम्ही कापडाचं शिवलं आणि टाळूच्या जागी मऊ कापूस भरला. शरीराची चित्रं काढण्याचं काम माझ्याकडे होतं. माझ्या हातून हृदय दर वेळी वांग्यासारखं यायचं आणि बाई ते दर वेळी फाडायच्या.

आम्ही खरं शिकलो ते लोकांच्या घरी. डोंगरातल्या बायका दवाखान्यात बाळंत व्हायला सहसा यायच्या नाहीत. अडली तरच निरोप यायचा, मग आम्ही पेटी घेऊन निघायचो. कुडाच्या घराच्या दारात पोचलं की पहिलं काम एकच असायचं. घरातली एकुलती एक खाट कोणीतरी ओढून बाहेर आणायचं, फडक्याने झटकायचं आणि मला बसायला सांगायचं. आत बाई कळा देते आहे आणि मी खाटेवर कशी बसू! पण मेट्रनबाईंनी बजावलं होतं, क्षणभर का होईना, टेकायचं. त्या प्रदेशात दारात उभा राहतो तो काहीतरी न्यायला आलेला असतो. जंगलखात्याचा शिपाई उभा राहतो, वसुलीवाला उभा राहतो. माणूस बसला की तो पाहुणा झाला. मी टेकायचे, पाण्याचा घोट घ्यायचे आणि मग आत जायचे. त्यानंतर मला कोणी अडवत नसे.

हळूहळू त्या घरांतल्या बायका वॉर्डात येऊ लागल्या. तिसऱ्या वर्षी आमच्या बाळंतिणींच्या वॉर्डात एकही खाट रिकामी नसायची, आणि तेव्हाच मुंबईहून कळलं की तपासणीला दोन जण येत आहेत.

आता पंचाईत अशी की "साहेब येणार" हे दोन शब्द त्या भागात फुटले असते तर वॉर्ड रिकामा झाला असता. साहेब येतो म्हटलं की माणसं पोरंबाळं घेऊन रानात जायची, वेठीला कोण लागेल या भीतीने. बाळंतिणीसुद्धा थांबल्या नसत्या. मेट्रनबाईंनी खूप विचार करून आम्हाला ताकीद दिली की साहेब, तपासणी, मुंबई असलं काही बोलायचं नाही. बायकांना एवढंच सांगायचं की आपल्याकडे मोठे पाहुणे येत आहेत. आम्हाला ती युक्ती फारच आवडली. आठवडाभर आम्ही खाटेखाटेशी जाऊन तेच सांगत होतो, आणि बायकाही खुशीत होत्या. एकीने तर पाहुण्यांसाठी घरून मोहाची फुलं भाजून आणवली. ती मी लगेच जप्त केली.

तपासणीच्या सकाळी सुरतेच्या गाडीने दोघं आले. एक डॉक्टरीणबाई, पांढरं पातळ, पायात बूट, केस पिकलेले. दुसरे डॉक्टर, चष्मा नाकावर उतरलेला, प्रत्येक गोष्टीला "हं" म्हणणारे. त्यांनी आधी आमच्या राहण्याच्या खोल्या बघितल्या, हं. मातीचा कटिबंध बघितला, त्याला जरा लांब हं. मग मंडळी वॉर्डाकडे निघाली. आम्ही पाच जणी दाराशी रांगेत उभ्या होतो. चादरींचे कोपरे इतके ताणलेले की मलाच माझा अभिमान वाटत होता.

डॉक्टरीणबाईंनी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं आणि वॉर्डातली प्रत्येक बाई खाटेवरून खाली उतरली. त्यांनी बाळं काखेत घेतली, हाताने चादरी सारख्या केल्या आणि भिंतीला पाठ लावून फरशीवर बसल्या. काल रात्री बाळंत झालेली उतरली. जिला टाके घातले होते तीही दात आवळून, सासूच्या खांद्याचा आधार घेत उतरली. क्षणात सगळ्या खाटा रिकाम्या, स्वच्छ, वाट बघत असलेल्या. आणि बायका खालून हसऱ्या तोंडाने वर बघत होत्या.

चष्मेवाले डॉक्टर म्हणाले, "कागदावर वॉर्ड भरलेला आहे, आणि खाटा तर कोऱ्या दिसतात."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. "ओल्या बाळंतिणी फरशीवर? मेट्रन, हेच शिकवता का मुलींना?"

मेट्रनबाईंनी आम्हाला हाताने खूण केली. आम्ही धावलो, बायकांना उठवायला लागलो, पण एकही हलेना. टाके घातलेली तर हाताने मला मागे सारत होती. तीन वर्षं, आबांचं पारावरचं वाक्य, सगळं त्या फरशीवर बसल्यासारखं वाटलं. तेवढ्यात तिच्या सासूने आपल्या बोलीत विचारलं की ही पाहुणी उभी का आहे, आमचं काही चुकलं का. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

शिकाऊ मुलीने तपासणीच्या वेळी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नसतं. मी उघडलं. "बाई, तुम्ही खाटेवर बसा. तुम्ही बसल्याशिवाय त्या वर येणार नाहीत."

"रुग्णाच्या खाटेवर नर्सने बसायचं नाही, हे तुला शिकवलेलं नाही?"

"पहिल्याच दिवशी शिकवलंय. चार गुण आहेत त्याला." हे चार गुणांचं मी का बोलले देव जाणे. "पण आज तुम्ही यांच्या घरी पाहुण्या आहात. पाहुणा उभा असताना घरचं माणूस खाटेवर राहत नाही. आम्हीच त्यांना पाहुणे येणार म्हणून सांगितलं. ही आजी विचारते आहे, तुम्ही रागावला आहात का."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग आजीकडे. "यांच्या घरी?" त्या म्हणाल्या. "दवाखान्याला या घर म्हणतात?"

मी आजीला विचारलं. आजी जे बोलली ते मी जसंच्या तसं मराठीत सांगितलं. ती म्हणाली, माझा नातू इथे जन्मला, मग हे घर नाही तर काय आहे.

डॉक्टरीणबाईंनी हातातलं दप्तर त्या डॉक्टरांकडे दिलं, पातळ सावरलं आणि टाके घातलेल्या बाईच्या खाटेच्या कडेला टेकल्या. भिंतीकडून समाधानाचा असा एक सुस्कारा आला की आम्हाला हसू आवरेना. आजीने उठून तांब्या पुढे केला. उकळून गार केलेलं पाणी होतं, ते मीच सकाळी भरलं होतं, म्हणून मी निर्धास्त. डॉक्टरीणबाई पाणी प्यायल्या. मग एकेक बाई आपापल्या खाटेवर चढली, आणि पुढचा तासभर तपासणी अशी काटेकोर झाली की विचारू नका. टाके निरखून बघितले, बाळांचे बेंबीचे बंद सोडून बघितले, आम्हाला एकेकीला दिवस भरलेल्या बायकांचं पोट तपासायला लावून बाळ कसं वळलंय ते विचारलं. माझं उत्तर त्यांनी स्वतः हात लावून पडताळलं आणि मान हलवली. मला त्या मान हलवण्याचा आजही गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही.

निकालाचं पत्र उन्हाळ्यात आलं. मेट्रनबाईंनी ते अंगणात उभं राहून मोठ्याने वाचलं. शाळेला मान्यता मिळाली होती! दवाखान्याच्या डॉक्टरांनी गूळ वाटला, आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडलो, वॉर्डातल्या बायकांनी काही न कळता टाळ्या वाजवल्या. मग बाईंनी पुढचा परिच्छेद वाचला. मान्यता येत्या जूनपासून भरती होणाऱ्या मुलींना लागू होती. त्याआधीचं शिक्षण धरलं जाणार नव्हतं. नियमच तसा होता.

माझा संताप संताप झाला. ज्या वॉर्डाच्या जिवावर मान्यता मिळाली तो आम्ही भरला, ती चित्रं, ते कापडी बाळ, ती डोंगरातली घरं, सगळं आमचं. आणि छाप मिळणार कालपरवा येणाऱ्या मुलींना! मी बाईंना हे तोंडावर बोलले. त्या रागावल्या नाहीत. "मी मुंबईला दोनदा लिहिलं," एवढंच म्हणाल्या. "पुन्हा पहिल्यापासून बसायचं असेल तर पहिली जागा तुझी. नसेल तर मी तुला दोष देणार नाही." आमच्यातल्या तिघींनी पेट्या भरल्या. त्यांचीही चूक नव्हती, घरी किती दिवस वाट बघणार!

ठरल्याप्रमाणे आबा बैलगाडी घेऊन मला न्यायला आले. नवं धोतर, नवी टोपी. छाप घेऊन येणाऱ्या मुलीला आणायला निघालेला बाप. त्या टोपीकडे बघून मला रडू फुटलं. चिंचेखाली बसून मी त्यांना सगळं सांगितलं, पत्रासकट.

आबांनी नवी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "शाळाले छाप मिळनी ना?"

"मिळनी."

"ती शाळा कोनी उभी करी?"

"आम्ही. बाईनी आन आम्ही पाच जनीसनी."

"मंग ती दुसरासले दिसन तू घर कसाले ई ऱ्हायनी?"

आपली शाळा दुसऱ्यांना देऊन घरी का यायचं, हे मी स्वतःला विचारलंच नव्हतं. ते उठले, धोतर झटकलं, बैलांना पाणी पाजलं. माझी पेटी गाडीत चढलेली होती, ती त्यांनी स्वतः उतरवून खोलीच्या दाराशी आणून ठेवली. जेवूनही गेले नाहीत. म्हणाले, उजेड आहे तोवर निघतो.

जूनमध्ये मी पुन्हा पहिल्या वर्षात जाऊन बसले. नव्या मुली मला ताई म्हणायच्या आणि माझ्या वांग्यासारख्या हृदयावरून त्यांना हृदय शिकावं लागायचं. तीन वर्षांनी आमच्या शाळेतून परीक्षेला बसलेल्या पहिल्या तुकडीत मी होते, आणि पहिल्या नंबराने होते. हे मी सांगते कारण दुसरं कोणी सांगायला उरलेलं नाही.

पण माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मान मला त्या परीक्षेने दिला नाही. तो मला आईकडून उशिरा कळला. आबा त्या दिवशी रिकामी गाडी घेऊन रनाळ्याला पोचले तेव्हा पारावर माणसं बसलेलीच होती. कोणीतरी लगेच टोमणा मारला, "काय आबा, पोर नापास व्हयनी का?"

आबांनी गाडी थांबवली. खाली उतरले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पहिले तिनी आख्खी शाळा पास करी. आते तिन्हा नंबर शे."